कशासाठी सुरू करायचं, कशाच्या जोरावर चालवायचं

व्यवसाय सुरू करण्याच्या विचारात असलेल्या स्त्रियांबरोबर आम्ही बसतो, तेव्हा पहिल्या बैठकीत वस्तू, भांडवल, जागा यांबद्दल काही विचारत नाही. ‘हे कशासाठी करायचंय?’ एवढंच विचारतो आणि उत्तर जसंच्या तसं लिहून घेतो. पहिलं उत्तर बहुतेक वेळा एकाच ठशाचं येतं: स्वतःच्या पायावर उभं राहायचंय, काहीतरी स्वतःचं करायचंय. ते खरंच असतं, पण त्यावरून एकही निर्णय घेता येत नाही. म्हणून तिथेच थांबून पुढचं विचारायचं. स्वतःचं म्हणजे काय? पैसे स्वतःचे, वेळ स्वतःचा, की निर्णय स्वतःचे?

इथून उत्तरं वेगळी व्हायला लागतात. एकीला दर महिन्याला ठरावीक रक्कम हवी असते, जी कोणाकडे मागावी लागणार नाही. एकीची नोकरीतली बढती वर्षानुवर्षं अडलेली असते आणि आपल्याला काय येतं ते कुणालाच दिसत नाही याचा सल असतो. एकीच्या हाताशी मूल लहान किंवा घरात आजारी माणूस असल्यामुळे दिवसाचे चार तासच असतात आणि ते चार तास कोणत्याही नोकरीत बसत नाहीत. एखादी आपलं कौशल्य आजवर ओळखीपाळखीच्या लोकांसाठी फुकट वापरत आलेली असते. आणि एखादीच्या घरातली कमाईच थांबलेली असते. तिच्यापुढे आवडनिवडीचा प्रश्न नसतो.

अभ्यासकांनी या कारणांची ढोबळ विभागणी ढकलणारी, म्हणजे नाइलाजाची, आणि ओढणारी, म्हणजे आवडीची किंवा संधीची, अशी केली आहे. ग्लोबल आंत्रप्रेन्युअरशिप मॉनिटर हे जागतिक सर्वेक्षण पूर्वी ‘संधी’ आणि ‘गरज’ असे दोनच कप्पे धरत असे. २०१९ पासून ते चार हेतू विचारतं: जगात काही फरक घडवणं, मोठी संपत्ती उभारणं, घराण्याचा व्यवसाय पुढे नेणं, आणि नोकऱ्या कमी असल्यामुळे पोट भरणं. उत्तर देणाऱ्या व्यक्तीला एकाहून जास्त हेतूंना होकार देता येतो. आमच्या मते हा बदल योग्यच झाला. प्रत्यक्षात एकाच बाईत दोन-तीन कारणं एकत्र नांदतात, आणि पुढची सगळी अडचण त्यांच्या आपसातल्या ओढाताणीतून येते. वेळ हवा म्हणून सुरू केलेला व्यवसाय पैशासाठी वाढवला की वेळच जातो. हे आधी दिसलं तर रचना बदलता येते; दोन वर्षांनी दिसलं तर दमणूक झालेली असते.

म्हणून कारणं लिहून झाली की त्यांचा क्रम लावायला सांगतो. ‘यातलं एकच मिळणार असेल तर कोणतं?’ हा प्रश्न अवघड जातो आणि त्याला घाई करू नये. अनेकदा बैठकीत दिलेला क्रम घरी जाऊन उलटतो. चारचौघांत ‘समाजासाठी’ वर येतं आणि एकटीनं लिहिताना ‘माझ्या नावावर पैसे’ वर येतं. दोन्हींपैकी कोणतंही कमी प्रतीचं नाही, हे तिथल्या तिथे स्पष्ट सांगावं लागतं. पैसा हवा असं म्हणायला स्त्रिया संकोचतात, आणि हा संकोच पुढे थेट किमतीत उतरतो.

क्रम लागला की प्रत्येक कारणाला आकडा जोडायचा. हे काम कंटाळवाणं वाटतं, पण सगळा व्यवसाय यावर उभा राहतो.

पैसे हे पहिलं कारण असेल तर तीन आकडे हवेत: महिन्याला किती, कधीपासून, आणि एखाद्या महिन्यात काहीच आलं नाही तर किती महिने निभेल. तिसरा आकडा एक किंवा शून्य असेल, तर माल साठवून उधारीवर विकण्याचा व्यवसाय तिच्यासाठी नाही. तिनं आगाऊ पैसे मिळणारं किंवा काम संपताच पैसे हाती येणारं काहीतरी निवडावं, मग त्यात नफा थोडा कमी का असेना. गरजेपोटी सुरू झालेले व्यवसाय लवकर बंद पडतात ते करणारीची जिद्द कमी पडते म्हणून, असं सर्रास म्हटलं जातं. आम्हाला ते मुळीच पटत नाही. पैसा अडकून पडायचा काळ तिच्या निभावण्याच्या काळापेक्षा लांब होता, एवढंच बहुतेक वेळा घडलेलं असतं.

हा अडकण्याचा काळ मोजता येतो. माल घेतल्यापासून विकला जाईपर्यंत ३० दिवस, विकल्यावर पैसे यायला ४५ दिवस, आणि माल देणारा आपल्याला १५ दिवसांची उधारी देतो. ३० अधिक ४५ वजा १५, म्हणजे ६० दिवस. महिन्याचा चालू खर्च ४०,००० असेल तर साधारण ८०,००० सतत बाहेर असणार. ते यंत्रात किंवा फर्निचरमध्ये दिसत नाहीत म्हणून सुरुवातीच्या अंदाजात धरलेच जात नाहीत. मग विक्री चांगली असूनही तिसऱ्या-चौथ्या महिन्यात हात रिकामा होतो आणि ‘माझ्याच्यानं हे होत नाही’ असा निष्कर्ष निघतो. प्रत्यक्षात विक्री वाढली म्हणूनच हात रिकामा झालेला असतो.

वेळ हे पहिलं कारण असेल तर आठवड्याचे तास लिहायचे, आणि तेही सलग किती व तुकड्यातुकड्यानं किती असे वेगळे. सलग दोन तास लागणारं काम वीस-वीस मिनिटांच्या सहा तुकड्यांत होत नाही. शिवाय उपलब्ध तासांपैकी एक तृतीयांश तरी खरेदी, फोन, निरोपांना उत्तरं, हिशेब आणि पोहोचवण्यात जातात. हे तास कोणी मोजत नाही, कारण ते कामासारखे दिसत नाहीत.

निर्णयाचं स्वातंत्र्य हवं असेल तर ग्राहकांची वाटणी पाहायची. एकाच मोठ्या ग्राहकाकडून सगळं काम येत असेल, तर साहेब बदलला एवढंच झालं. रजा आणि पगाराची खात्री मात्र गेली. कोणत्याही एका ग्राहकाचा वाटा एकूण विक्रीच्या एक तृतीयांशाहून मोठा होऊ द्यायचा नाही, असा नियम आम्ही सुरुवातीपासून लिहून ठेवायला लावतो. पहिल्या काही महिन्यांत तो पाळणं जमत नाही. तरी तो लिहिलेला असला की पहिला मोठा ग्राहक मिळाल्यावर बाकीच्यांना शोधणं थांबत नाही.

लोकांचं भलं करायचं असेल तर दोन नावं लिहायची: लाभ कोणाला आणि पैसे कोण देणार. ही दोन्ही एकच व्यक्ती असेल तर सोपं आहे. वेगळी असतील तर पैसे देणाऱ्याला त्यातून काय मिळतं हे एका वाक्यात सांगता आलं पाहिजे. ते येत नसेल, तर तो उपक्रम देणगीवर चालेल. त्यात वाईट काही नाही, फक्त त्याची तयारी वेगळी करावी लागते.

आता किंमत. सर्वांत जास्त वेळ आम्ही इथे देतो, कारण स्त्रियांच्या व्यवसायात कारण आणि किंमत यांचं नातं फार खोल आहे. कौशल्याची दाद मिळावी म्हणून जी सुरुवात करते, तिला ‘किती स्वस्त!’ हीसुद्धा दादच वाटते.

उदाहरण घेऊ. एका नगाला साहित्य ४०, वेष्टन आणि पोहोचवणं १०, आणि करायला दीड तास. तासाला ३० धरले तर मजुरी ४५. झाले ९५. भाडं, वीज, फोन, नोंदणी, दुरुस्ती असा महिन्याचा ठरलेला खर्च २,००० आणि महिन्याला १०० नग होतील असा अंदाज. म्हणजे नगामागे २०. एकूण ११५. हा नुसता खर्च आहे. यावर २५ टक्के चढवले तर किंमत जवळपास १४४ होते आणि त्यातला नफा विक्रीच्या २० टक्के असतो. चढवलेले टक्के आणि विक्रीवरचे टक्के यांची गल्लत नेहमी होते, आणि पुढे विक्रेत्याला ‘२५ टक्के कमिशन’ कबूल केलं की सगळा नफा जाऊन पदरचे सातेक जातात.

हाच हिशेब मजुरी न धरता केला तर नग ७० ला पडला असं दिसतं. ९० ला विकून २० सुटले म्हणून समाधान होतं. दीड तासाला २०, म्हणजे तासाला १३ च्या आसपास. नोकरी सोडून आलेल्या बाईला हा आकडा कागदावर दाखवला की ती बराच वेळ बोलत नाही.

आणि वेळेचा आकडा इथे येऊन मिळतो. १०० नगांना दीडशे तास लागतात. तिच्याकडे महिन्याला १२० तासच असतील, तर एक तृतीयांश इतर कामांत जाऊन उरतात ८०, आणि त्यात ५३ नग होतात. मग ठरलेला २,००० चा खर्च नगामागे २० न राहता ३८ होतो, आणि नगाचा खर्च ११५ वरून १३३ वर जातो. म्हणजे ज्या किमतीवर आपण पोहोचलो होतो ती चुकीच्या तासांवर उभी होती. याला तीन उत्तरं आहेत: किंमत वाढवणं, नगाचा वेळ कमी करणं, किंवा ठरलेला खर्च घटवणं. चौथं उत्तर, रात्री जागून करणं, हे बहुतेकजणी आपणहून सुचवतात. ते कागदावर येऊ द्यायचं नाही.

सुटीच्या किंवा सणासुदीच्या हंगामात सूट देण्याचा मोह होतो, तेव्हाही कागद काढायचा. किंमत १०० आणि नगामागचा बदलता खर्च ६० असेल तर हाती ४० राहतात. १० टक्के सूट दिली की ३० राहतात. पूर्वीइतकीच रक्कम जमवायची तर विक्री एक तृतीयांशानं वाढायला हवी, आणि तेवढे नग करायला तास हवेत.

किंमत सांगण्याचा सराव आम्ही मोठ्यानं करून घेतो. आकडा सांगायचा आणि गप्प बसायचं. बहुतेकजणी आकड्यापाठोपाठ स्वतःच ‘पण तुमच्यासाठी कमी करेन’ असं जोडतात. समोरच्यानं काही म्हटलेलंही नसतं. जवळच्या माणसांसाठी वेगळा दर ठेवायचाच असेल तर तो आधी ठरवून, वर्षाला किती नग त्या दरानं हे लिहून ठेवावं. ते संपले की संपले.

त्यानंतर पैशाचं खातं. व्यवसायाचं खातं वेगळं, तिच्या एकटीच्या नावावर, आणि त्याची सूचना तिच्याच फोनवर. यावर आम्ही तडजोड करत नाही. आज ही साधी गोष्ट वाटते, पण फ्रान्समध्ये विवाहित स्त्रीला नवऱ्याच्या संमतीशिवाय बँकेत खातं उघडायची मुभा १९६५ च्या कायद्यानं मिळाली. अमेरिकेत १९७४ च्या कायद्यानं कर्ज देताना स्त्री-पुरुष भेद करायला बंदी आली, तरी काही राज्यांत व्यवसायाच्या कर्जासाठी पुरुष नातेवाइकाची सही लागत असे. ती अट १९८८ साली गेली. कायदा बदलून इतका थोडा काळ झाला आहे, तर सवयी मागे राहणारच.

खातं वेगळं असण्याचा परिणाम मोजला गेला आहे. युगांडात छोटी कर्जं घेणाऱ्या स्त्रियांवर एमा रायली यांनी प्रयोग केला. काहींना कर्ज रोखीनं मिळालं, काहींना फोनवरच्या स्वतंत्र खात्यात. आठ महिन्यांनी खात्यात पैसे मिळालेल्यांचा नफा सुमारे १५ टक्के जास्त होता. रोख रक्कम घरात आली की तिच्यावर दहा हक्क उभे राहतात आणि नाही म्हणणं बाईलाच जड जातं.

याच धाग्यावरचा दुसरा अभ्यास आम्हाला फार महत्त्वाचा वाटतो. श्रीलंकेतल्या छोट्या उद्योगांना रोख मदत दिल्यावर पुरुषांचा नफा वाढला आणि स्त्रियांचा जवळजवळ वाढलाच नाही, असं आधी दिसलं होतं. त्यावरून स्त्रियांना धंदा वाढवण्याची ओढ कमी, असा अर्थ काढणं सोपं होतं. २०१९ मध्ये बर्नहार्ट, फील्ड, पांडे आणि रिगोल यांनी भारत, श्रीलंका आणि घाना इथली माहिती पुन्हा तपासली. स्त्रियांच्या नावे आलेलं भांडवल अनेकदा नवऱ्याच्या व्यवसायात गेलेलं होतं. ज्या घरात तिचाच एकटीचा व्यवसाय होता, तिथे तिचा परतावा पुरुषांच्या बरोबरीचा निघाला. प्रेरणेची उणीव म्हणून जी नोंदली जाते, ती कित्येकदा पैसा दुसरीकडे वळल्याची खूण असते. म्हणून आमच्या बैठकीत हेही लिहिलं जातं: घरात दुसरा व्यवसाय आहे का, त्याला अडचण आली तर या खात्यातून किती द्यायचं, आणि ते परत कधी यायचं. घराला मदत करायची नाही असं कोणी सांगत नाही. ठरलेल्या तारखेला स्वतःचा पगार म्हणून ठरावीक रक्कम काढायची आणि मदत त्या पगारातून करायची. व्यवसायाची रक्कम शाबूत राहते आणि मदतही दिसते.

पगार काढायचा कधीपासून? पहिल्या महिन्यापासून, रक्कम अगदी लहान असली तरी. पगार पुढे ढकलत गेलं की घरच्यांच्या आणि हळूहळू तिच्या स्वतःच्या नजरेतही तो वेळ घालवण्याचा उद्योग होतो. मग पाहुणे आले, कोणी आजारी पडलं की पहिलं तेच थांबतं.

सुरुवातीला किती घालायचं, याचं उत्तर आम्ही अपेक्षित नफ्यावरून काढत नाही. उद्योजकतेच्या अभ्यासक सरस सरस्वती यांनी २००१ मध्ये मांडलेला विचार इथे उपयोगी पडतो. अनुभवी उद्योजकांच्या निर्णयांचा अभ्यास करून त्यांनी दाखवलं की असे लोक हाताशी काय आहे तिथून निघतात आणि किती गमावणं परवडेल यावर रक्कम ठरवतात. आपण कोण, आपल्याला काय येतं, आपण कोणाला ओळखतो, या तीन यादींनी बैठक सुरू केली तर ‘माझ्याकडे काही नाही’ म्हणणारीचंही पान भरतं. मग परवडणारा तोटा लिहायचा: पूर्ण बुडाले तरी घराचं रेशन, शाळा, औषधं यांवर आच येणार नाही अशी रक्कम. त्यात वेळही धरायचा. ‘सहा महिने आणि इतके पैसे’ अशी हद्द आखली की भीती आवाक्यात येते, आणि घरच्यांशी बोलायलाही काहीतरी ठोस हाती राहतं.

घरच्यांशी हे बोलणं एकटीनं आणि कागद घेऊनच करावं. पाठिंबा आहे का, असं विचारलं की सगळे हो म्हणतात. त्याऐवजी नेमकं विचारावं: मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी दोन ते सहा मूल कोण पाहील? मी न उचललेले फोन कोण उचलेल? होकार मिळाला तर तो वेळापत्रकावर नावासकट लिहायचा.

प्रशिक्षणाबद्दल थोडं रोखठोक. हिशेब, विपणन, नोंदी यांचे पारंपरिक वर्ग लागतातच, पण त्यांनी व्यवसाय हलतो असं नाही. पश्चिम आफ्रिकेतल्या टोगो देशात १,५०० छोट्या उद्योजकांवर झालेला आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग यावर बोलका आहे. एका गटाला नेहमीचं व्यवसाय प्रशिक्षण दिलं, दुसऱ्याला स्वतः पुढाकार घेण्याचं: अडचण येण्याआधी ओळखणं, दुसऱ्यापेक्षा वेगळं काय देता येईल ते शोधणं, अडथळ्यानंतर पुन्हा योजना आखणं. पुढाकाराच्या गटाचा नफा ३० टक्क्यांनी वाढला. नेहमीच्या प्रशिक्षणाचा परिणाम इतका लहान होता की तो योगायोगापासून वेगळा काढता आला नाही. स्त्रियांमधला फरक तर आणखी मोठा होता: ४० टक्के विरुद्ध ५ टक्के. प्रेरणा म्हणजे आतून उसळून येणारी काही शक्ती, अशी समजूत यानं मोडते. ती बरीचशी शिकता येते, आणि सरावानं टिकते.

सोबतीचंही तसंच. अहमदाबादच्या ‘सेवा’ या स्त्रियांच्या सहकारी बँकेच्या ग्राहक स्त्रियांना दोन दिवसांचं प्रशिक्षण दिलं गेलं, तेव्हा काहींना मैत्रिणीला बरोबर आणायला सांगितलं होतं. चार महिन्यांनी पाहिलं तर मैत्रिणीसह आलेल्यांनी व्यवसायासाठी कर्ज घेण्याचं प्रमाण जास्त होतं आणि त्यांचं कामही वाढलं होतं. आम्ही त्यामुळे एकटीला नाव नोंदवू देत नाही असं नाही, पण ‘बरोबर कोण येईल?’ हे आवर्जून विचारतो. सोबतीण त्याच धंद्यातली असायची गरज नाही. तिनं आठवड्यातून एकदा तीन प्रश्न विचारायचे: किती विकलं, किती वसूल झालं, पुढच्या आठवड्यात कोणाला भेटणार.

सुरुवातीचा उत्साह बहुतेकींचा चौथ्या ते नवव्या महिन्याच्या दरम्यान ओसरतो. ओळखीच्या लोकांची खरेदी संपलेली असते, अनोळखी ग्राहक अजून परत येऊ लागलेला नसतो. डेसी आणि रायन या मानसशास्त्रज्ञांनी टिकाऊ प्रेरणेसाठी तीन गरजा सांगितल्या: आपण आपल्या मर्जीनं करतोय ही भावना, आपल्याला हे जमतंय ही भावना, आणि आपलं कोणीतरी आहे ही भावना. या महिन्यांत तिन्ही एकदम घसरतात. ग्राहकाच्या वेळा पाळता पाळता मर्जी जाते, विक्री थांबल्यानं आत्मविश्वास जातो, आणि घरी काम करणारी दिवसचे दिवस कोणाशी बोललेली नसते. कोणती घसरली ते ओळखून उपाय करायचा. जमण्याची भावना गेली असेल तर एकूण विक्रीकडे पाहणं थांबवून परत आलेल्या ग्राहकांची टक्केवारी मोजायची. ती वाढत असेल तर व्यवसाय जिवंत आहे. मर्जी गेली असेल तर ऑर्डर घेण्याचे दोन दिवस आणि एक बंदीचा दिवस ठरवायचा. नुसतं ‘धीर धर’ म्हणणं या काळात निरुपयोगी असतं.

कर्ज याच काळात पुढे येतं. घ्यायचं असेल तर व्याजाचा दर कसा मोजलाय ते आधी विचारावं. १२,००० चं कर्ज १२ महिन्यांसाठी ‘सरळ १२ टक्के’नं घेतलं तर व्याज १,४४० आणि हप्ता १,१२०. पण मुद्दल दर महिन्याला कमी होत असतं, म्हणून घटत्या शिलकीवर हाच दर साधारण साडेएकवीस टक्के पडतो. दुसरा प्रश्न पहिल्या हप्त्याचा. कोलकात्यात स्त्री कर्जदारांवर झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात काहींना पहिला हप्ता दोन आठवड्यांनी भरायचा होता, काहींना दोन महिन्यांनी. सवलत मिळालेल्यांनी व्यवसायात जास्त गुंतवणूक केली आणि तीन वर्षांनंतरही त्यांचा नफा जास्त होता. थकबाकीही वाढली, हेही सांगायला हवं. पंधराव्या दिवशी हप्ता असेल तर माणूस पंधरा दिवसांत पैसे फिरवणारं कामच निवडतं. म्हणून आमचा आग्रह असा की पहिला हप्ता आणि मघाशी मोजलेला अडकण्याचा काळ शेजारी शेजारी लिहावेत. काळ ६० दिवसांचा आणि हप्ता १५ दिवसांवर, असं कर्ज घेऊ नये.

बाहेरचं भांडवल मागायला जाणाऱ्यांसाठी एक वेगळी तयारी लागते. डाना कँझ आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात न्यूयॉर्कच्या एका स्पर्धेतली गुंतवणूकदारांची प्रश्नोत्तरं तपासली. पुरुषांना विचारलेले ६७ टक्के प्रश्न वाढीबद्दल होते. स्त्रियांना विचारलेले ६६ टक्के प्रश्न नुकसान कसं टाळणार याबद्दल. ज्यांनी सावधगिरीच्या प्रश्नालाही वाढीचं उत्तर दिलं, त्यांना जास्त भांडवल मिळालं. ‘ग्राहक सोडून गेले तर?’ याला ‘जाणार नाहीत’ एवढंच न म्हणता किती परत येतात, बाजार किती मोठा आहे आणि त्यातला किती घेणार, हे सांगायचं. प्रश्न असे येणार हे आधी ठाऊक असलं की त्या खोलीत स्वतःबद्दल शंका येत नाही.

दर सहा महिन्यांनी कारणांचा क्रम पुन्हा लावायला सांगतो, जुना न दाखवता. तो बहुतेक वेळा बदललेला असतो. वेळेसाठी सुरू करणारीला आता काम वाढवायचं असतं. पैशासाठी सुरू करणारीला हाताखालच्या दोघीजणींची जबाबदारी वाटू लागते आणि तेच तिला सकाळी उठवतं. बदललं तर रचनाही बदलावी. हाताखाली माणूस घ्यायचं असेल तर आधी आठवडाभर स्वतःच्या कामांची नोंद करून, ज्याला सर्वांत कमी शिकवावं लागेल ते काम द्यावं. बहुतेकजणी उलट करतात: सर्वांत दमवणारं काम देतात, ते नीट होत नाही, आणि ‘माझ्यासारखं कोणी करत नाही’ म्हणून पुन्हा सगळं अंगावर घेतात. शिकवायला पहिले दोन महिने उत्पादन घटतं. तेवढ्या काळाचा पगार बाजूला असेल तेव्हाच माणूस घ्यावं. लहानच ठेवायचं ठरलं तर तेही सांगता यावं. वाढ नको म्हणणारी बाई महत्त्वाकांक्षी नाही, असं समजणाऱ्यांनी तिच्या क्रमातलं पहिलं कारण वाचलेलं नसतं.

आणि काहीजणी थांबतात. कर्ज फिटलं, मुलांचं शिक्षण झालं, किंवा मनासारखी नोकरी मिळाली की कारण पूर्ण होतं. बाहेरून ते अपयशाच्या खात्यात जमा होतं, पण ठरवलेलं साधून थांबण्याला अपयश म्हणता येणार नाही. हद्द ओलांडली म्हणून थांबणारीलाही ती हद्द तिनंच आखली होती याची आठवण द्यावी लागते. थांबण्याला क्रम असतो. आधी नवीन ऑर्डर बंद, मग घेतलेल्या आगाऊ रकमांचं काम पुरं करणं किंवा पैसे परत. मग हाताखालच्यांचे पगार, माल देणाऱ्यांची देणी, कर्ज. येणी वसूल करायला सर्वांत जास्त वेळ लागतो, कारण दुकान बंद होतंय कळलं की देणारा ढिला पडतो. म्हणून वसुली घोषणेच्या आधी सुरू करावी. उरलेला माल शेवटी विकावा, साधनं त्याच धंद्यातल्या नव्या बाईला आधी विचारून. नोंदणी रद्द केल्याची पावती आणि हिशेबाच्या वह्या काही वर्षं जपून ठेवाव्यात. कराबद्दलची विचारणा व्यवसाय बंद झाल्यावरही येऊ शकते. खातं मात्र लगेच बंद करू नये. उशिरा येणारी येणी तिथेच जमा होतात.